खुणांची भाषा, लेखांक ७ : फेरा घालू नका, नियम सांगा

मागच्या आठवड्यात आपण ‘कातळ’ या शब्दाची नोंद एक्सएमएलच्या खुणांत बांधली होती. ती पुन्हा समोर ठेवू.

<नोंद><शब्द>कातळ</शब्द> <लिंग>पु.</लिंग> <अर्थ>जांभ्या दगडाचा उघडा, सपाट पसारा. तो मोठा असला तर त्याला <पहा>सडा</पहा> म्हणतात आणि त्यावर कोरलेल्या चित्राला <पहा>कातळशिल्प</पहा>.</अर्थ></नोंद>

खुणांची नावे मराठीत चालतात का, असे बरेच जण विचारतात. चालतात. १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएलची पहिली आवृत्ती आली, तिच्या नियमांतच देवनागरी अक्षरांना जागा होती. ती आपण फारशी वापरली नाही, याचे मला वाईट वाटते.

आता या नोंदीचे वाचायचे पान करायचे आहे. शब्द ठळक हवा, लिंग तिरप्या अक्षरांत हवे, आणि ‘पहा’मधल्या शब्दावर बोट ठेवले की त्या शब्दाची नोंद उघडायला हवी. यासाठी एक्सएसएलटी ही भाषा आहे. जेम्स क्लार्क यांच्या संपादनाखाली ती १६ नोव्हेंबर १९९९ रोजी प्रमाण म्हणून जाहीर झाली.

देवरूखात माझ्याकडे शिकायला येणारी मुले सी किंवा जावा शिकून आलेली असतात. त्यांचा हात आधी फॉर-ईचकडे जातो, आणि त्यात त्यांची चूक नाही. तेच त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. प्रत्येक नोंद घे, शब्द छाप, लिंग छाप, अर्थ छाप, मग त्यातला प्रत्येक ‘पहा’ घे आणि दुवा छाप. वाचायला सरळ वाटते. पान उघडले की दिसते ते असे : अर्थाच्या वाक्यात ‘सडा’ आणि ‘कातळशिल्प’ हे शब्द आहेत, पण नुसती अक्षरे म्हणून, त्यांवर दुवा नाही, आणि वाक्य संपल्यावर तेच दोन शब्द पुन्हा एकदा, दुव्यासह, ओळीने उभे.

कारण साधे आहे. अर्थ छापण्यासाठी वापरलेले व्हॅल्यू-ऑफ आतल्या सगळ्या खुणा पुसून फक्त मजकूर हाती देते. दुवे मागाहून वेगळे गोळा केले, तोवर ते वाक्यात कुठे होते ही माहिती हरवलेली असते. मग मुले वाक्य तोडू लागतात : ‘सडा’च्या आधीचा तुकडा, नंतरचा तुकडा. दोन दुवे असतील तर तीन तुकडे, एकही नसेल तर वेगळी अट. चाळीस ओळींनंतर कोणालाच काही कळेनासे होते.

अशा वेळी मी त्यांना शिमग्याची आठवण करून देतो. ग्रामदेवतेची पालखी वाडीत येते. पालखी नेणाऱ्यांच्या हातात कोणत्या घरी काय करायचे याचा कागद नसतो. ते पुढच्या अंगणात जातात, एवढेच. पालखी कुठे बसवायची, ओटी कोणी भरायची, हे त्या त्या घराला ठाऊक असते. वाडीत नवे घर उभे राहिले म्हणून खांदेकऱ्यांना काही नवे शिकावे लागत नाही.

टेम्प्लेट म्हणजे त्या घराची रीत. ‘शब्द’ भेटला तर ठळक कर, हा एक नियम. ‘लिंग’ भेटले तर तिरपे कर, हा दुसरा. ‘पहा’ भेटले तर दुवा कर, हा तिसरा. ‘नोंद’ भेटली तर परिच्छेद उघड आणि आत अप्लाय-टेम्प्लेट्स म्हण. अप्लाय-टेम्प्लेट्सचा अर्थ एवढाच की पालखी पुढे न्या : आत जे जे, ज्या क्रमाने येईल, त्याला त्याचा नियम लागू दे. ‘सडा’ वाक्याच्या मध्ये आला तर दुवा मध्येच बनतो. दहा दुवे असोत की शून्य, नियमात अक्षर बदलत नाही. ‘अर्थ’ या खुणेसाठी तर आपण नियमच लिहिला नाही, आणि तरी काम होते. ज्याला नियम नाही त्याच्या आत शिरायचे आणि नुसता मजकूर भेटला तर तो तसाच उतरवायचा, हा नियम भाषेत आधीपासून आहे.

या अंगभूत नियमामुळे नवशिक्यांच्या पानावर कधीकधी नको तो मजकूर उमटतो. त्याला उपाय म्हणजे त्या खुणेसाठी रिकामा टेम्प्लेट लिहायचा. पण फॉर-ईचमध्ये विसरलेली खूण गुपचूप गळते, इथे ती डोळ्यांसमोर येते. कोशाच्या कामात गळण्यापेक्षा दिसणे कितीतरी बरे.

कोशाचेच उदाहरण मी मुद्दाम धरले आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. शिकागो विद्यापीठाने तो सगळ्यांसाठी इंटरनेटवर खुला केला आहे. त्यातली कोणतीही लांब नोंद काढून पाहा. अर्थ सांगता सांगता मध्येच त्या शब्दाबरोबर येणारे क्रियापद, मग एखादी म्हण, मग पुन्हा अर्थ, मग दुसऱ्या शब्दाकडे बोट. दोन नोंदींचा साचा सारखा नाही. अशा मजकुराचा क्रम तुम्ही आधी लिहून ठेवू शकत नाही. तो त्या मजकुराकडूनच घ्यावा लागतो. इथे फॉर-ईच लिहिणे ही माझ्या मते सरळ चूक आहे.

नियम नेमके करता येतात. उदाहरणातला ‘पहा’ वेगळा दाखवायचा असेल तर ‘उदाहरण/पहा’ असा नियम लिहा. नुसत्या ‘पहा’पेक्षा त्याचे वजन आपोआप जास्त धरले जाते, पहिल्याचे ०.५, दुसऱ्याचे ०. तीच नोंद शब्दसूचीत नुसत्या नावाने आणायची असेल तर मोड वापरून दुसरी रीत लावता येते. जुना नियम कुठेही मोडावा लागत नाही.

फॉर-ईच टाकून द्यावे, असे मी म्हणत नाही. वर्गाच्या गुणपत्रिकेत प्रत्येक ओळ सारखीच असते. तिथे ते सुटसुटीत आहे. मात्र तो जावातला फेरा नव्हे. इथे चल एकदा ठरले की बदलत नाही, त्यामुळे दर फेरीला बेरीज वाढवत नेता येत नाही. त्यासाठी सम हे वेगळे फंक्शन आहे. ‘सर, बेरीज पुढे जातच नाही’ हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो.

करून पाहण्यासाठी एक्सएसएलटीप्रोक किंवा सॅक्सन घ्या. ब्राउझरवर विसंबू नका. क्रोममधून एक्सएसएलटी काढून टाकण्याचे गूगलने २०२५ मध्ये जाहीर केले आहे.

पुढच्या आठवड्यापर्यंत एवढे करा. आपल्या गावातले पाच शब्द घ्या, जे आजीच्या तोंडी आहेत आणि तुमच्या मुलांच्या नाहीत. त्यांच्या नोंदी वरच्यासारख्या बांधा, प्रत्येकीत निदान एक ‘पहा’ वाक्याच्या मध्ये येऊ द्या, आणि एकही फॉर-ईच न लिहिता त्यांचे पान तयार करा.