सहा बिअर, दीड तास आणि निकालाची वाट

बिअर चाखायची आणि गुण द्यायचे, हे काम ऐकायला मजेचं वाटतं. त्याची परीक्षा मात्र भल्याभल्यांना घाम फोडते. अमेरिकेत सुरू झालेल्या ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’ची, म्हणजेच बीजेसीपीची, ही परीक्षा आता अनेक देशांत होते. चाखण्याचा पेपर दीड तासात संपतो, पण निकाल हाती यायला कित्येकदा काही महिने जातात. पेपर तपासणारे सगळे स्वयंसेवक, आपापला नोकरी-व्यवसाय सांभाळून बिनपगारी काम करणारे. या प्रतीक्षेमागच्या काही भन्नाट गोष्टी वाचा.

कार्टरसाहेबांची सही
अमेरिकेतली दारूबंदी 1933 मध्ये उठली, पण घरच्या घरी बिअर करायची मुभा काही मिळाली नाही. ती मिळाली 45 वर्षांनी. 14 ऑक्टोबर 1978 रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या कायद्यावर सही केली. मग हौशी मंडळी वाढली, स्पर्धा वाढल्या आणि जाणकार परीक्षकांची गरज भासू लागली. त्यातून 1985 मध्ये बीजेसीपी उभी राहिली. 1995 पासून ती स्वतंत्र आहे आणि स्वयंसेवकांच्याच बळावर चालते.

एका प्रश्नाला 20 सेकंद
पहिली चाळणी ऑनलाइन असते: 60 मिनिटांत 180 प्रश्न. पुस्तक उघडून उत्तर शोधायला वेळच उरत नाही. ही पायरी ओलांडली की वर्षभरात चाखण्याची परीक्षा द्यायची. तिथेही जागा मोजक्याच, एका वेळी साधारण 12 उमेदवार. त्यामुळे काही शहरांत निकालाच्या आधी जागेसाठीच थांबावं लागतं.

50 गुणांचा हिशेब
समोर एकेक करून सहा बिअर येतात. प्रत्येकीला 15 मिनिटं. प्रकार कोणता ते सांगितलं जातं, पण पुस्तक बंद आणि बोलणंही बंद. गुणांची वाटणी अशी: वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडात जाणवणाऱ्या दाटपणाला आणि बुडबुड्यांना 5, एकूण छापेला 10. रंग आणि फेस आपल्या डोळ्यांत आधी भरतात, पण त्यांच्या वाट्याला 50 पैकी फक्त 3 गुण!

आदर्श उत्तर आधी नसतंच
गणिताच्या पेपरचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. इथे ते त्याच दिवशी ठरतं. उमेदवार लिहीत असताना दुसऱ्या खोलीत वरच्या श्रेणीचे अनुभवी परीक्षक त्याच बिअर चाखतात, आपापसांत चर्चा करतात आणि एकमताने गुण ठरवतात. उमेदवाराचे गुण त्या आकड्याच्या जितके जवळ, तितका त्याचा फायदा. बिअर पिंपात किंवा बाटलीत बदलत राहते. म्हणून त्या दिवशी ग्लासात जे आलं, तेच खरं.

लोणी, केळं आणि उकडलेला मका
लोण्याचा वास आला की जाणकार डायअॅसिटिल हे रसायन ओळखतो. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे अॅसिटाल्डिहाइड, उकडलेल्या मक्याचा म्हणजे डायमिथाइल सल्फाइड. गंमत अशी, की एकीकडे जो दोष, तो दुसरीकडे गुण ठरतो. जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये, म्हणजे हेफेवायझनमध्ये, केळ्याचा आणि लवंगेचा वास हवाच. तोच केळ्याचा वास पिल्सनर प्रकारच्या बिअरमध्ये आला, तर गुण कापले जातात.

‘छान आहे’ला गुण नाहीत
‘वास छान, चव छान’ एवढंच लिहिलं, तर तपासणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असं लिहावं लागतं: ‘भाजलेल्या पावासारखा मध्यम माल्टचा वास, मागोमाग फुलांसारखा हलका हॉप्सचा वास, लोण्याचा मागमूस नाही.’ काय आलं, किती आलं आणि काय आलं नाही, तिन्ही सांगायचं. शिवाय बिअर करणाऱ्याला सुधारणेचा सल्लाही द्यायचा. गुणांची अचूकता, जाणवलेल्या चवी, वर्णनाची ताकद, सल्ला आणि मांडणीचा नेटकेपणा या पाचही बाबींना सारखंच, 20-20 टक्के वजन आहे.

72 कागद, दोनदा
उशिराचं खरं कारण या आकडेमोडीत आहे. 12 उमेदवार आणि सहा बिअर म्हणजे 72 हस्तलिखित कागद. दोन तपासनीस ते वेगवेगळे वाचतात, म्हणजे वाचनं झाली 144. त्यांच्या गुणांत तफावत पडली, तर बोलून मेळ घालायचा. मग प्रत्येकाला लेखी अहवाल: कुठे जमलं, कुठे हुकलं, पुढे काय वाचावं. त्यानंतर परीक्षा विभागाची वरची मंडळी सगळं पुन्हा नजरेखालून घालतात. या सगळ्यात उमेदवाराचं नाव तपासनिसाला कळत नाही, दिसतो तो फक्त क्रमांक.

2012 चा मोठा बदल
पूर्वी तीन तासांचा एकच पेपर असे: दहा निबंधवजा प्रश्न आणि चार बिअर. तपासताना स्वयंसेवकांची दमछाक व्हायची. 2012 मध्ये ज्ञानाची परीक्षा संगणकाकडे गेली आणि माणसांकडे मुख्यतः चाखण्याचे कागद राहिले. निबंधाचा पेपर आजही आहे, पण तो वरच्या श्रेणीकडे निघालेल्यांसाठी.

नुसत्या टक्क्यांवर भागत नाही
60 टक्क्यांना ‘रेकग्नाइज्ड’ श्रेणी, 70 ला ‘सर्टिफाइड’, 80 ला ‘नॅशनल’, 90 ला ‘मास्टर’. ‘सर्टिफाइड’पासून पुढे प्रत्यक्ष स्पर्धांतल्या अनुभवाचे गुणही लागतात: अनुक्रमे 5, 20 आणि 40. ‘ग्रँड मास्टर’ व्हायचं, तर इतरांचे पेपर तपासून सेवाही द्यावी लागते.

मुंबईचाही धागा
इंडिया पेल एल, म्हणजे आयपीए, ही एकेकाळी इंग्लंडमध्ये तयार होऊन जहाजाने मुंबई, कोलकाता, मद्रासला येणारी बिअर. आज बीजेसीपीच्या बिअर-प्रकारांच्या यादीत इंग्लिश आयपीए आहेच, शिवाय काळ्या, तांबड्या, पांढऱ्या अशा कितीतरी आयपीए आहेत.

वाट पाहताना काय करावं?
स्पर्धांत परीक्षण करत राहावं, कारण ऑनलाइन चाळणी पार केलेल्यांना तिथे अनुभवाचे गुण मिळतात. तपासनिसांमागे तगादा लावू नये. हाताने लिहिलेला तुमचा प्रत्येक शब्द दोन जाणकार माणसं फुकटात, मन लावून वाचताहेत. इतकी कदर इतर परीक्षांत क्वचितच होते. निकाल आला की टक्के पाहून थांबू नका, सोबतचा अहवाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आणि वरची श्रेणी मिळाली, तर पुढच्या उमेदवारांचे कागद तपासायला स्वतःहून नाव नोंदवा. तपासणारे हात वाढले, तरच निकाल लवकर लागतील.