फोनमधली फिल्टरांची गर्दी

जुन्या रेडिओचं मागचं झाकण उघडलं की ॲल्युमिनियमच्या अर्धगोल पात्यांचा एक जुडगा दिसायचा. तो गँग कंडेन्सर. स्टेशनचं बटण फिरवलं की फिरती पाती स्थिर पात्यांच्या फटींत शिरत किंवा बाहेर येत, आणि त्यानुसार धारकता वाढे किंवा घटे. कंडेन्सर आणि कॉइल यांच्या जोडीला स्वतःची एक वारंवारता असते. त्या वारंवारतेची लहर ही जोडी उचलते, बाकीच्यांना दाद देत नाही. मीडियम वेव्हचा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ, म्हणजे साधारण तिप्पट. वारंवारता धारकतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे एवढ्या पट्ट्यासाठी धारकता नऊपट बदलावी लागते. पात्यांचा कंडेन्सर हे काम विनातक्रार करायचा. एकच भाग, आणि सगळी स्टेशनं हाताशी.

आजच्या स्मार्टफोनमध्ये मात्र फिल्टर डझनांनी बसवलेले असतात, आणि त्यांतला जवळजवळ प्रत्येक जण एकाच पट्ट्याला बांधलेला. भारतातच मोबाइलसाठी ७००, ८५०, ९००, १८००, २१००, २३००, २५०० आणि ३३०० मेगाहर्ट्झचे पट्टे आहेत. परदेशांतले आणखी वेगळे. वाय-फाय, ब्लूटूथ, जीपीएस यांची मागणी निराळीच. शंभर वर्षांपूर्वी जमलेली गोष्ट आज का जमू नये? मला हा रेडिओ-अभियांत्रिकीतल्या सर्वांत सुंदर प्रश्नांपैकी एक वाटतो, कारण त्याचं उत्तर कारखान्यांच्या आळसात नसून पदार्थविज्ञानात आहे.

आधी फिल्टरवर येणारा ताण पाहू. १८०० च्या पट्ट्यात फोन १७१० ते १७८५ मेगाहर्ट्झवर बोलतो आणि १८०५ ते १८८० वर ऐकतो, तेही एकाच वेळी, एकाच अँटेनावर. मधली मोकळी जागा अवघी २० मेगाहर्ट्झ. फोन बाहेर पाठवतो सुमारे ०.२ वॉट, टॉवरकडून येणारा सिग्नल एका वॉटच्या दहा लाख कोटीव्या भागाएवढा क्षीण असू शकतो. म्हणजे स्वतःचा आवाज समोरच्याच्या आवाजापेक्षा दोन लाख कोटी पट मोठा. फिल्टरने तो पहिल्याच टप्प्यावर अडवला नाही, तर ऐकणारं सर्किट बधिर होतं.

इतक्या बारीक निवडीसाठी लागतो तो उच्च ‘क्यू’. सर्किटमध्ये साठलेल्या ऊर्जेच्या मानाने दर आवर्तनात ती किती कमी वाया जाते, त्याचं हे माप. वारंवारतेला क्यूने भागलं की निवडीच्या पट्ट्याची रुंदी मिळते. चिपवर कोरलेल्या चिमुकल्या कॉइलचा क्यू जेमतेम १० ते २०. १८०० ला १५ ने भागा: १२० मेगाहर्ट्झ. वीस मेगाहर्ट्झच्या फटीत तिचा काहीच उपयोग नाही. कॉइल लहान केली की तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र आक्रसतं, पण तारेचा विरोध त्या प्रमाणात कमी होत नाही; शिवाय खालच्या सिलिकॉनमध्ये प्रवाह उठतात आणि ऊर्जा उष्णतेत जाते. आकार आणि क्यू यांचं हे वैर मुळातलं आहे.

त्यावरची युक्ती अशी की विद्युतलहरीला काही काळ ध्वनी बनवायचं. १८८० मध्ये प्येर आणि झाक क्यूरी या भावांनी दाखवलं की काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार उमटतो. उलट, विद्युतदाब दिला की ते आकसतात किंवा ताणले जातात. घन पदार्थाच्या पृष्ठभागावरून सरकणाऱ्या लहरींचं गणित लॉर्ड रॅली यांनी १८८५ मध्ये मांडलं होतं. १९६५ साली बर्कलीत व्हाइट आणि व्होल्टमर यांनी या दोन गोष्टी एकत्र आणल्या: स्फटिकावर धातूच्या दोन फण्या, एकीचे दाते दुसरीच्या दात्यांत गुंतलेले. सिग्नल दिला की पृष्ठभागावर लहर उठते आणि पुढच्या फण्यांत पुन्हा वीज होते.

या लहरीचा वेग सेकंदाला सुमारे ४ किलोमीटर. रेडिओलहरीचा ३ लाख किलोमीटर. वेग कमी, म्हणून तरंगलांबीही त्याच प्रमाणात कमी. १८०० मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरीची हवेतली लांबी जवळपास १७ सेंटिमीटर, स्फटिकावर तीच दोन मायक्रॉनच्या आसपास. म्हणून मिलिमीटरभराच्या तुकड्यात हजाराच्या घरातला क्यू मिळतो. किंमत मात्र मोजावी लागते. वारंवारता ठरते ती फणीच्या दात्यांमधल्या अंतरावरून, आणि छापलेली फणी बदलत नाही. ॲल्युमिनियम नायट्राइडच्या पातळ पडद्यातून आरपार लहर धावते अशा दुसऱ्या जातीच्या फिल्टरांत पडद्याची जाडी वारंवारता ठरवते. तीही कारखान्यातच कायमची ठरते. गर्दीचं मूळ इथे आहे.

आता वारंवारता बदलती कशी करायची? सर्वांत जुना उपाय व्हॅरॅक्टर डायोड. उलटा दाब वाढवला की अर्धवाहकातला रिकामा थर रुंदावतो आणि धारकता घटते. टीव्हीच्या ट्यूनरमध्ये याने वर्षानुवर्षं काम केलं. पण गिगाहर्ट्झला त्याचा स्वतःचा क्षय वाढतो. शिवाय जोरदार सिग्नल आला की तोच डायोडवरचा दाब हलवू लागतो. धारकता सिग्नलच्या तालावर डोलते आणि नको त्या नव्या वारंवारता जन्माला येतात.

दुसरा मार्ग मला फार आवडतो, कारण त्यात कॉइलही नाही आणि स्फटिकही नाही. १९६० मध्ये बेल प्रयोगशाळेत फ्रँक्स आणि सँडबर्ग यांनी तो मांडला. चार किंवा आठ कपॅसिटर घ्यायचे आणि वेगवान स्विचांनी त्यांना आळीपाळीने सिग्नलला जोडायचं, रहाटाची गाडगी पाण्याला एकामागून एक लागतात तसं. रहाटाचा फेरा आणि लहरीचं आवर्तन एकाच वेळात पूर्ण होत असेल, तर प्रत्येक गाडग्याच्या वाट्याला लहरीचा तोच तो भाग येतो आणि ते भरत जातं. लहर वेगळ्या वारंवारतेची असेल तर कधी धन भाग येतो, कधी ऋण. शेवटी बाकी शून्य. रहाटाची गती बदलली की फिल्टरची वारंवारता बदलली. विचार पन्नास वर्षं जवळपास पडून होता, कारण तेवढे वेगवान आणि स्वस्त स्विच नव्हते. २०१० च्या सुमारास नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याला साध्या सीमॉस चिपवर नवं आयुष्य दिलं. दोष उरतात ते असे: तिप्पट, पाचपट वारंवारतेच्या लहरीही आत शिरतात, स्विचांना ताल देणाऱ्या घड्याळाचा सिग्नल अँटेनाकडे गळतो, आणि वारंवारता वाढेल तशी स्विच हलवण्याची वीजही वाढते.

तिसरा मार्ग चुंबकाचा. इट्रियम आयर्न गार्नेट, म्हणजेच यिग. १९५६ पासून माहीत असलेल्या या पदार्थात इलेक्ट्रॉनांच्या फिरकीचा अक्ष चुंबकीय क्षेत्राभोवती डुलतो, तेही अत्यंत कमी क्षयाने. डुलण्याची गती क्षेत्राबरोबर वाढते: ढोबळमानाने एका टेस्लाला २८ गिगाहर्ट्झ. अर्ध्या मिलिमीटरची यिगची गोळी विद्युतचुंबकाच्या पोटात ठेवली की २ ते १८ गिगाहर्ट्झ सलग फिरता येतं, आणि प्रयोगशाळेतल्या स्पेक्ट्रम ॲनालायझरमध्ये हे अनेक दशकं चालू आहे. अडचण गोळीची नाही, विद्युतचुंबकाची आहे: तो जड असतो आणि सतत वीज खातो.

२०२४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने नेमकी हीच गाठ सोडवायला घेतली. गोळीऐवजी यिगच्या पातळ थरात कोरलेले चिमुकले अनुस्पंदक, आणि विद्युतचुंबकाऐवजी अशी चुंबकरचना की प्रवाहाचा मिलिसेकंदाहून छोटा ठोका दिला की तिचं क्षेत्र बदलतं आणि वीज न खाता तसंच टिकतं. ३.४ ते ११.१ गिगाहर्ट्झ, दोन घन सेंटिमीटरांहून कमी जागेत. क्षय ३.२ ते ५.१ डेसिबल, म्हणजे सिग्नलची निम्मी ते दोन तृतीयांश शक्ती वाटेतच जाते.

ही गळती किती बोचते ते नारायणगावजवळच्या खोडदला समजतं. तिथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. त्यांच्या ५५० ते ८५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याच्या डोक्यावरच मोबाइलचे पट्टे बसले आहेत. फिल्टर हवाच, पण पहिल्या ॲम्प्लिफायरच्या आधी झालेला प्रत्येक क्षय गोंगाटाच्या रूपाने सरळ मोजमापात उतरतो. दूरच्या दीर्घिकेचा क्षीण सिग्नल नंतर कितीही मोठा केला तरी तो गोंगाट वेगळा काढता येत नाही.

तरीही माझा कल यिगकडे आहे. पुढच्या पिढीच्या मोबाइलसाठी ७ गिगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यांची चर्चा सुरू आहे, आणि तिथे ध्वनिलहरींच्या फिल्टरांचे पडदे अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ करावे लागतात. यिग मात्र तिथे सहज पोचतं. फोनमध्ये शिरण्यासाठी त्याची चुंबकरचना अजून बरीच लहान व्हायला हवी. शिवाय फोनमध्ये होकायंत्राचा सेन्सर असतो, त्यामुळे या चुंबकाचं क्षेत्र त्याच्यापर्यंत पोचू नये असं आवरणही त्याच इवल्या जागेत बसवावं लागेल.