ट्रान्झिस्टरच्या तीन रचना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ठाणे, कल्याण, डोंबिवलीची डिप्लोमाची मुलं लॅमिंग्टन रोडवरून बीसी ५४७ आणतात, ब्रेडबोर्डवर ॲम्प्लिफायर जोडतात आणि तोंडी परीक्षेत कॉमन एमिटर, कॉमन कलेक्टर, कॉमन बेसचा तक्ता घडाघडा म्हणून दाखवतात. तक्ता बरोबर असतो. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र अनेकदा चुकतात.

गैरसमज : 'कॉमन' म्हणजे ग्राउंडला जोडलेला पाय.
वस्तुस्थिती : कॉमन म्हणजे सिग्नलच्या दृष्टीने इनपुट-आउटपुटला सामाईक. कॉमन कलेक्टरमध्ये कलेक्टर थेट ९ व्होल्टच्या सप्लायला असतो. सप्लाय सिग्नलबरोबर हलत नाही, म्हणून सिग्नलसाठी तोही ग्राउंडच.

गैरसमज : कॉमन एमिटरचा गेन मोठा, म्हणून स्पीकर त्यालाच जोडावा.
वस्तुस्थिती : कलेक्टरला ४.७ किलोओहम, करंट १ मिलिॲम्पिअर आणि एमिटरचा रेझिस्टर कपॅसिटरने बायपास केलेला, असं सर्किट घ्या. ट्रान्झिस्टरच्या आतला एमिटरचा रोध सुमारे २५ ओहम. ४७०० भागिले २५, म्हणजे गेन १८८. आता कपॅसिटरमधून ८ ओहमचा स्पीकर जोडला, की गेन थेट ०.३ वर येतो. ट्रान्झिस्टर ठणठणीत असतो. लोड त्याला पेलत नाही.

गैरसमज : एमिटर फॉलोअर (म्हणजेच कॉमन कलेक्टर) व्होल्टेज वाढवत नाही, म्हणजे तो ॲम्प्लिफायरच नव्हे.
वस्तुस्थिती : व्होल्टेज गेन १ च्या किंचित खाली राहतो, पण करंट कित्येक पट वाढतो, म्हणून पॉवरही वाढते. गणपती मंडळाच्या ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकर चालवणारे शेवटचे ट्रान्झिस्टर बहुधा याच रचनेत असतात.

गैरसमज : कॉमन बेस फक्त परीक्षेपुरता.
वस्तुस्थिती : इथे बेस ग्राउंडला असल्याने कलेक्टरचा सिग्नल आतल्या कपॅसिटन्समधून इनपुटकडे फारसा परतत नाही. म्हणून उच्च फ्रिक्वेन्सीच्या रेडिओ सर्किटांत ही रचना उपयोगी पडते.

गैरसमज : बीटा (ट्रान्झिस्टरचा करंट गेन) जितका जास्त, तितका व्होल्टेज गेन जास्त.
वस्तुस्थिती : वरच्या भागाकारात बीटा कुठेच नाही. बीसी ५४७बी चा बीटा २०० ते ४५० मध्ये कुठेही असू शकतो. केवळ बीटाच्या भरवशावर बायस ठरवला, तर ट्रान्झिस्टर बदलताच गणित कोलमडतं. व्होल्टेज डिव्हायडर आणि एमिटरचा रेझिस्टर करंट स्थिर राखतात.

म्हणून रचना निवडण्याआधी विचारा : सिग्नल कुठून येतो आणि पुढे कोणाला द्यायचाय? पुढच्या प्रॅक्टिकलला वरच्या कॉमन एमिटर सर्किटच्या बेसवर ५ मिलिव्होल्ट ठेवा आणि त्याला कपॅसिटरमधून १ किलोओहमचा लोड जोडा. सीआरओवर गेन १८८ वरून ३३ च्या आसपास येईल. जर्नलमध्ये दोन्ही आकडे लोडसकट लिहा. लोड न सांगता लिहिलेला गेन अर्धवट असतो.