डाँगल उघडला, आत अख्खा लिनक्स!

मेहुण्याच्या गाडीत अँड्रॉइड ऑटो फक्त वायरने चालतं. म्हणून त्याने वायरलेस डाँगल घेतला, तर तो दर दहा मिनिटांनी मान टाकायला लागला. वॉरंटी संपल्यावर आला माझ्याकडे. (असे पेशंट माझ्याच वाट्याला येतात.)

कव्हर उचकटलं. बोर्डाच्या कडेला तीन बारीक ठिपके: टीएक्स, आरएक्स, ग्राउंड. ३.३ व्होल्टचा सिरीयल अडॅप्टर जोडला (५ व्होल्टचा लावाल तर चिप जाईल), वेग १,१५,२०० ठेवला आणि स्क्रीनवर लिनक्सचा बूट लॉग धो धो वाहायला लागला!

हा डबा दोन्हीकडे सोंग घेतो. गाडीला वाटतं वायरने फोन जोडलाय, फोनला वाटतं समोर वायरलेसवाली गाडी आहे.

गाडी यूएसबीवर तीन विनंत्या पाठवते. ५१ म्हणजे 'तुला हे येतं का?', ५२ मध्ये स्वतःची ओळख, ५३ म्हणजे 'चल, सुरू कर'. लगेच डबा क्षणभर गायब होतो आणि गुगलच्या १८डी१ या व्हेंडर आयडीने पुन्हा प्रकटतो. फोनला वायफायचा पासवर्ड ब्लूटूथवरून मिळतो, व्हिडिओ मात्र वायफायवरून.

लॉगमध्ये वायफायच तुटताना दिसलं. चिपला बोट लावलं तर चटका! छोटा हीटसिंक चिकटवला. मेहुणा परवा कोल्हापूरला जाऊन आला, तक्रार नाही.

असा डबा रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यूवर घरीही बनतो. कुणाला करून बघायचाय? विचारा बिनधास्त.