वायूचा उपसा आणि भूकंप : ग्रोनिंगेन क्षेत्र

खडकांच्या रंध्रांतील दाब वाढला की भ्रंशाच्या दोन बाजूंची परस्परांवरील पकड सैल होते व भूकंप संभवतो, हे सर्वपरिचित आहे. वायूच्या उपशाने तर हा दाब उतरतो. मग तेथे भूकंप का व्हावेत?

नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन क्षेत्र या दृष्टीने उद्बोधक आहे. १९५९ मध्ये शोध लागलेल्या या क्षेत्रातील वायू सुमारे ३ किलोमीटर खोलीवरील सच्छिद्र वालुकाश्मात साठलेला आहे. १९६३ पासून उपसा होऊ लागला. दाब घटताच वरील थरांचा भार वालुकणांवर अधिक पडून वालुकाश्म दबत गेला. जुन्या भ्रंशांमुळे हा थर दोन बाजूंस वेगवेगळ्या पातळ्यांवर असल्याने दबणेही विषम झाले. पकड वाढली खरी. परंतु भ्रंशतलास समांतर असा ताण काही ठिकाणी त्याहून अधिक वाढला आणि भ्रंश घसरले.

प्रत्यक्ष क्षेत्रातील भूकंपांची नोंद १९९१ पासून, म्हणजे सुमारे २८ वर्षांनी, होऊ लागली. १६ ऑगस्ट २०१२ रोजी हाउझिंगे येथे झालेला सर्वांत मोठा भूकंप रिश्टर मापनश्रेणीवर ३.६ इतकाच होता. तथापि उगम उथळ, माती मऊ आणि विटांची घरे भूकंपाचा विचार न करता बांधलेली. त्यामुळे हानी व्यापक झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये उत्पादन थांबले व २०२४ मध्ये क्षेत्र कायद्याने बंद झाले. साठ्यातील दाब सर्वत्र समान होईपर्यंत मात्र धक्क्यांची शक्यता राहतेच. म्हणून अशा क्षेत्रांत भूकंपनोंदीची व्यवस्था उपशापूर्वीच उभारणे व उपसा थांबल्यानंतरही चालू ठेवणे आवश्यक ठरते.