लेझरचा आकडा बरोबर असतो, पण तो कशाचा?

गोल्फच्या मैदानावर लेझर रेंजफाइंडरविषयी दोन उलट मतं शेजारी शेजारी नांदतात. एक असं की झेंड्याची काठी बोटभर जाड, तिच्या मागे झाडी. इतक्या लांबून यंत्र काठीच धरेल याचा भरवसा काय? दुसरं असं की आकडा दिसला म्हणजे प्रश्न मिटला, आता त्या आकड्याचा क्लब पिशवीतून काढायचा आणि मारायचं. माझ्या मते दोन्ही चुका एकाच गोंधळातून येतात. मोजलेलं अंतर आणि खेळायचं अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या बाबतीत हे यंत्र आपल्याला वाटतं त्याहून अचूक आहे. दुसऱ्याबद्दल ते स्वतःहून काहीच सांगत नाही.

यंत्र अवरक्त प्रकाशाचे अतिशय छोटे स्पंद सोडतं आणि ते समोरच्या वस्तूवरून परतायला किती वेळ लागला ते मोजतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण 30 सेंटिमीटर जातो. 150 यार्ड म्हणजे सुमारे 137 मीटर. एवढं अंतर जाऊन परत यायला त्याला एक मायक्रोसेकंदही लागत नाही. एका यार्डाचा फरक ओळखायचा तर सुमारे 6 नॅनोसेकंदांचा फरक टिपावा लागतो, आणि आजच्या इलेक्ट्रॉनिक्सला ते जमतं. तरीही काठीबद्दलची शंका रास्त आहे. लेझरचा झोत शेवटपर्यंत सुईसारखा बारीक राहतो, हा समज खरा नाही. दीडशे-दोनशे यार्डांवर तो काठीपेक्षा बराच रुंद झालेला असतो. त्यातला थोडा प्रकाश काठी-झेंड्यावरून परततो आणि उरलेला मागच्या झाडांवरून, म्हणजे यंत्राकडे दोन उत्तरं येतात. झेंड्यासाठी ठेवलेल्या मोडमध्ये ते जवळचं उत्तर निवडतं. यंत्र हातात थरथरलं म्हणजे त्याने झेंडा ओळखला, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात मागच्या वस्तूपेक्षा जवळ काहीतरी सापडलं, एवढंच ते सांगत असतं. ते ‘काहीतरी’ नेमरेषेत लोंबणारी फांदीही असू शकते. म्हणून एकदा झेंड्यावर आणि एकदा मुद्दाम मागच्या झाडावर मोजून पाहावं. दोन आकड्यांत अंतर पडलं तर निदान झाडाचा आकडा झेंड्याचा म्हणून घेतला नाही, एवढी खात्री होते. काही ठिकाणी काठीवर प्रिझम बसवलेला असतो. त्याने परतणारा प्रकाश वाढतो. पण प्रिझम नसेल तर यंत्र निरुपयोगी, असं मुळीच नाही. दाट धुक्यात मात्र हवेतले थेंबच प्रकाश विखुरतात, तिथे यंत्राची मर्यादा मान्य करायला हवी.

खरा घोळ चढ-उताराचा आहे. चढावरचं हिरवळीचं टोक तिरक्या रेषेत मोजलं जातं, यंत्रातला ‘स्लोप’ ते तिरपं अंतर सपाट करून देतो, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. पायथागोरसने हिशेब करून पाहू. झेंडा तिरक्या रेषेत 150 यार्ड दूर आणि 10 यार्ड उंच असेल, तर आडवं अंतर 149.67 यार्ड येतं. फरक यार्डाच्या एक-तृतीयांशाइतका. एवढ्यासाठी कुणी क्लब बदलणार नाही. तरीही तो फटका सुमारे 160 यार्डांचा खेळतो. याचं कारण चेंडूच्या वाटेत आहे. चेंडू वरून खाली उतरत असताना जमीन 10 यार्ड आधीच आडवी येते. तो 45 अंशांनी उतरत असेल तर त्याचे पुढचे 10 यार्ड कापले जातात, आणि ते भरून काढायला तेवढा लांब फटका लागतो. उतारावर हेच उलटं होतं. लांब क्लबने मारलेला चेंडू समजा 35 अंशांनीच उतरला, तर त्याच 10 यार्डांच्या चढाची किंमत सुमारे 14 यार्ड होते. म्हणजे टेकडी तीच, झेंडा तोच, पण दोन खेळाडूंसाठी ‘खेळायचं अंतर’ वेगळं. तेव्हा स्लोपचा आकडा ही मोजणी नसते, एका गृहीत उड्डाणावर बेतलेला अंदाज असतो. अंदाज म्हणून तो चांगला असतो, विशेषतः पुण्याजवळच्या ऑक्सफर्डसारख्या डोंगराळ कोर्सवर. पण पडद्यावर दोन आकडे शेजारी झळकतात म्हणून त्यांची खात्री सारखी होत नाही. हवेचंही असंच आहे. गुलमर्गचा कोर्स अडीच हजार मीटरहून उंचावर आहे. तिथल्या विरळ हवेत चेंडू जास्त लांब जातो, समोरून वारा आला तर तो आखूड पडतो, आणि लेझरचा साधा आकडा या दोन्हींत तसूभरही हलत नाही.

‘हे यंत्र नियमात बसत नाही’ ही समजूत आता जुनी झाली. 2006 पासून स्थानिक नियम करून परवानगी देता येत होती. 2019 च्या नियमावलीने ते उलटं केलं, अंतर मोजायला मूळचीच परवानगी दिली आणि मनाई हवी असेल तर आयोजकांनी तसा स्थानिक नियम करायचा. 2021 मध्ये किआवा आयलंडवरच्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये ही यंत्रं चालली. मात्र याच 2019 च्या नियमावलीत उंचीतला फरक मोजायला मनाई आहे. स्लोपची सोय असलेलं यंत्र जवळ असण्यात गुन्हा नाही, ती सोय बंद ठेवावी लागते. वापरली तर स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड, आणि पुन्हा वापरली तर खेळाडू बाद. वर जो चढाचा हिशेब मांडला, तो डोक्यात करायला मात्र कुणाची हरकत नाही.

उरतो तो सगळ्यात मनापासून घेतला जाणारा आक्षेप: नजरेने अंतर ओळखणं ही या खेळातली कला होती, यंत्राने ती मारली. याला आदराने उत्तर द्यायला हवं, कारण अंतराचा अंदाज ही खरोखरच कमावलेली गोष्ट असते. पण वरच्या पातळीवरचा खेळ नजरेवर चालणं लेझर येण्याच्या कितीतरी आधी मागे पडलं होतं. 1961 साली पेबल बीचवरच्या यूएस अमॅच्युअरच्या वेळी डीन बीमनने जॅक निकलसला अंतरं पावलांनी मोजून लिहून ठेवायला सुचवलं, आणि निकलसने ती स्पर्धा जिंकली. यार्डेज बुक, मैदानावरच्या खुणा, कॅडीची वही, सगळं आकडेच पुरवत आलं आहे. लेझरने तोच आकडा हौशी खेळाडूच्या हाती दिला. कलेची जागा मात्र सरकली आहे. झेंडा 158 यार्डांवर आणि त्याच्या अलीकडच्या बंकरचा पलीकडचा काठ 141 वर असेल, तर कामाचा आकडा बहुधा 158 नसतो. बंकर ओलांडून चेंडू पहिल्यांदा कुठे टेकवायचा, तिथून तो किती घरंगळेल आणि आपला सेव्हन आयर्न हवेतून नक्की किती जातो, हे तिन्ही ठरवल्यावर लक्ष्य 150 च्या आसपास येऊ शकतं. त्यासाठी झेंड्याआधी बंकरचा काठ मोजावा लागतो, आणि आंधळ्या फटक्याला, जिथे लेझरला दिसतच नाही तिथे, हिरवळीची पुढची-मागची कड सांगणारं जीपीएसच उपयोगी पडतं.