आमची रजा, त्याची रोजी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आम्ही मिरच्यांच्या राशीपाशी उभे होतो. मागून कोणी तीनदा हाक मारली म्हणे. आम्हांस काही ऐकू आले नाही. तेव्हा तो गृहस्थ समोर आला व दोन्ही हातांच्या बोटांनी तुटलेला धागा जोडल्याची खूण त्याने केली. आम्ही त्याला तत्काळ ओळखले. साचेखात्यात तोंडाच्या बोलीला किंमत नव्हती. शेकडो साच्यांच्या खडखडाटात सारा व्यवहार हातांनी व ओठांनी चाले.

१९६८ साली आम्ही परळच्या एका गिरणीत साचेवाले म्हणून कायम झालो. पेडण्याचा हा गडी मागाहून आला, तो बदली म्हणून. आजच्या तरुण वाचकांस बदली म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी जाणे वाटेल. गिरणीत मात्र बदली हा माणूसच असे. त्याने रोज सकाळी सातच्या पाळीआधी कार्ड घेऊन फाटकाशी उभे राहावयाचे. कोणा कायम कामगाराचा खाडा पडला तर काम, नाही तर आल्या पावली परत. आणि काम नाही त्या दिवसाचा पगारही नाही.

काम आम्हीच त्यास शिकविले. सूत तुटू नये म्हणून खात्यातील हवा दमट ठेवीत. खिडक्या बंद, अंगाला घामाची चिकटण आणि तीवर कापसाची तूस. धोट्यातली कांडी संपली की नवी घालावी व तिचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावे. एकाचा धोटा दुसऱ्याच्या ओठी, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या. सुताबरोबर तूसही पोटात व छातीत जाई. हे घातक आहे असे तेव्हा आम्हांस कोणी सांगितले नाही. कदाचित सांगितले असेल, पण ऐकू कोणास येत होते! धोबीतलावावरील आमच्या गावच्या कुडीत रात्री जपमाळ होई, तेव्हाही कानांत साचेच चालत. सर्वांची प्रार्थना संपली तरी आमची चालूच राही, आणि मुले हसत.

ईस्टरनंतर पंधरवड्याने, सोमवारी, म्हापशास मिलाग्र सायबिणीचे फेस्त असते. त्यासाठी आम्ही दर वर्षी रजा घेऊन भाऊच्या धक्क्यावर बोट धरीत असू. आमच्या साच्यांवर तेवढे दिवस पेडण्याचा गडी उभा राही. म्हणजे आमचे फेस्त ती त्याची मिळकत. "पात्रांव, फेस्त कधी?" असे तो फेब्रुवारीपासूनच विचारी.

१९७७ साली घराच्या छपरासाठी पैसा हवा होता, म्हणून आम्ही रजा रद्द केली. त्याला सांगावयाचे मात्र राहिले. राहिले कसले, जिभेवर आले नाही. पहिल्या दिवशी फाटकाशी त्याने आम्हांस आत जाताना पाहिले. पंधरा दिवस तो रोज तेथे उभा असे आणि आम्ही रोज त्याच्यासमोरून जात असू. त्याची मुलगी त्या दिवसांत तापाने अंथरुणावर होती, हे आम्हांस पुढे दुसऱ्याकडून कळले. मुलगी बरी झाली. त्याने तो विषय कधी काढला नाही. आम्हीही काढला नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. कायम आणि बदली, आम्ही दोघेही आता फाटकाबाहेरच होतो. आम्ही गावी परतलो. तो डिचोलीकडे खाणीवर लागल्याचे कानी आले होते.

बाजारात त्याच्या पिशवीत तेलाची बाटली होती. फेस्तास येणे झाले नाही, म्हणून आज सायबिणीस तेल घालावयास आलो, असे तो म्हणाला. हिंदू कुटुंबे तेल घेऊन तेथे पूर्वापार येतात, तसा तोही येतो. मग १९७७ ची गोष्ट आम्ही आपण होऊन काढली. बाजाराच्या गलबल्यात त्याने हात कानाशी नेला व मान हलविली. त्याचा डावा कान गेला आहे, आमचा उजवा. म्हणून आम्ही बाजू बदलून त्याच्या उजवीकडे गेलो आणि चर्चकडे चालता चालता ती पहिल्यापासून पुन्हा सांगितली.